घरी धनुष्य बनवायचंय – बँडसॉ कोणता घ्यावा?

वेण्णाकाठ | १ जून, रात्री ९.५०

मंडळी, नमस्कार. मुलगी तेरा वर्षांची आहे, दोन वर्षं तिरंदाजी करते. आदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली तेव्हापासून आमच्या साताऱ्यात गल्लीगल्लीत धनुष्यं दिसायला लागली, त्यातलं एक आमच्याकडे. लेक खेळते ते मात्र आदितीसारखं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) नव्हे, इंडियन राउंड. म्हणजे बांबू-लाकडाचं साधं धनुष्य, ३० आणि ५० मीटर.

तिचं विकतचं धनुष्य गेल्या उन्हाळ्यात मुठीपाशी उललं आणि मला किडा चावला. तेव्हापासून तीन बनवली. पहिलं दोरी चढवतानाच मोडलं. दुसरं पहारीसारखं ताठ, माझ्यानंही वाकत नाही. तिसरं बरं जमलंय, पण दोन्ही लिंब सारखे वाकत नाहीत.

सगळं हातकरवतीनं आणि रंध्यानं केलं. एका फळीवरचं जादा लाकूड काढण्यात दोन रविवार जातात आणि खांदा आठवडाभर दुखतो. म्हणून बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची विजेची करवत) घ्यावा म्हणतो. प्रश्न असे:

दहा इंची पुरेल की चौदा इंचीच घ्यावा? मोटर किती ताकदीची? पातं कोणतं? बांबूही त्यावर कापता येईल का? जागा म्हणजे बंद केलेलं पार्किंग, ११ फूट बाय ९ फूट. धनुष्याची लांबी ६६ इंच.

चिंगुसराव | १ जून, रात्री १०.०५

लिंब वाकत नाहीत? पाणी घाला. आमच्या दारातला कडुलिंब पण असाच आहे.

वेण्णाकाठ | १ जून, रात्री १०.११

:-) मुठीच्या वरचा आणि खालचा हात हो. सगळे लिंबच म्हणतात.

गॅरेजबहाद्दर | १ जून, रात्री १०.४०

चौदा इंची. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

वाचणार असाल तर ऐका. हा आकडा चाकाच्या व्यासाचा असतो. पातं आणि मागचा खांब यांच्यातली जागा त्याहून थोडी कमी भरते. धनुष्य अरुंद असतं, त्यामुळे तुम्हाला त्या जागेशी काही देणंघेणं नाही. उंचीचं म्हणाल तर साध्या चौदा इंचीत सहा इंच जाडीचं लाकूड बसतं आणि तुम्ही फार तर दीड-दोन इंच कापणार. म्हणजे कागदावर दहा इंचीसुद्धा पुरते. फरक पडतो वजनानं आणि ताणानं. बिडाची चौकट अर्धा इंची पातं नीट ताणून धरते. हलक्या पत्र्याची चौकट तेवढ्या ताणाला स्वतःच वाकते, मग पातं लाकडात पोटासारखं फुगतं आणि वरून सरळ दिसणारा काप खाली तिरका निघतो.

मी आधी हौसेनं एक आठ इंची छोटं यंत्र ऑनलाइन मागवलं होतं. नाव सांगत नाही. चाकांवरून पातं दर दहा मिनिटांनी उतरायचं. शेवटी भंगारवाल्यानं नेलं, तोही फार खूश दिसला नाही.

रंधा_नाना | २ जून, सकाळी ६.१५

चाळीस वर्षं सुतारकाम केलं. मशीनला माझा विरोध नाही, पण धनुष्याला बँडसॉ लागतो हे कोणी सांगितलं? धनुष्य म्हणजे खुर्चीचा पाय नव्हे. लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, जिकडे जाते तिकडे आपण जायचं असतं. कुऱ्हाडीनं फोडलेलं लाकूड रेषेनंच फुटतं. करवतीला रेषा कळत नाही, तिला आपण आखलेली रेघ कळते. तुमचं पहिलं का मोडलं असेल ते मी न बघता सांगतो: पाठीवर रेषा कापल्या गेल्या असणार.

वेण्णाकाठ | २ जून, सकाळी ७.३०

नाना, नमस्कार. आता फोटो काढून बघितला. पाठीवरच्या रेषा एका कडेनं शिरून वीतभर पुढे दुसऱ्या कडेनं बाहेर पडल्यात, आणि मोडलंय बरोब्बर तिथेच.

धागेदोरे | २ जून, सकाळी ९.००

नवीन वाचकांसाठी: पाठ म्हणजे निशाणाकडची बाजू, पोट म्हणजे तिरंदाजाकडची. ओढल्यावर पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. पाठीचा एक तंतू तुटला की पुढचं सगळं त्याच्यामागे जातं. आमच्या सासरी पण असंच आहे.

सातपुड्याचा | २ जून, दुपारी १२.२०

दादा, मी नंदुरबारकडचा, भिल्ल. आमच्यात धनुष्याला कामठी म्हणतात. 'भिल्ल' हा शब्दच द्राविडी भाषांतल्या 'विल्लु' म्हणजे धनुष्यावरून आला असं बरेच अभ्यासक मानतात, तेव्हा या धाग्यावर बोलायचा थोडा हक्क मला असावा.

आजोबा बांबूची कामठी एका कोयत्यावर करायचे. बांबू उभा फोडायचा, करवत लावायची नाही. साल तशीच ठेवायची. चांगले, दाट तंतू सगळे सालीला लागून असतात, आत जावं तसा बांबू पोचट. म्हणून घासायचं ते आतून, बाहेरून फक्त पेराच्या गाठी हलक्या हातानं सपाट करायच्या. दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. तुमच्या मशीनवर बांबू लांबीत कापू नका. पेरापाशी तंतू वळतात, मशीन त्यांना सरळ छेदून जाईल.

गॅरेजबहाद्दर | २ जून, दुपारी १२.५५

सातपुड्याचा, दंडवत. यात यंत्रवाल्यांकडून एक भर. बांबूच्या सालीत सिलिका असते, साधं कार्बन स्टीलचं पातं त्यावर बघता बघता बोथट होतं. लांबी तोडायला कापायचाच तर बायमेटल (दोन धातूंचं, टणक दातांचं) पातं घ्या.

जखमी_वाघ | २ जून, दुपारी १.३०

आणि अख्खा गोल बांबू टेबलावर ठेवून आडवा कापू नका!! माझा स्वानुभव. दात टेकले आणि बांबू हातात गर्रकन फिरला. पातं पिळवटून फाटकन तुटलं, अंगठ्याचं नख गेलं. डॉक्टरांनी विचारलं काय करत होतात, मी म्हटलं धनुष्य. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. गोल वस्तूला खालून व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा लागतो. हे मला नंतर कळलं. सगळं नंतरच कळतं.

चिंगुसराव | २ जून, दुपारी १.३४

वनवासात रामाकडे बँडसॉ होता का?

धागेदोरे | २ जून, दुपारी १.४०

पंधरा अँपिअरचा प्लग नव्हता म्हणून नेला नाही.

मिसूरीकर | २ जून, रात्री ११.१०

इकडे अमेरिकेत मिसूरीत राहतो, सहा वर्षं हाच छंद. आमच्याकडचं लाडकं लाकूड ओसेज ऑरेंज, पिवळंधमक. फ्रेंचांनी त्याला 'बोआ दार्क' म्हणजे धनुष्याचं लाकूड असं नाव दिलं, त्याचं इथल्या खेड्यांत 'बोडार्क' झालं.

नानांचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण त्यातून बँडसॉ नको असं निघत नाही. ओसेजमध्ये पाठीला एकच वाढीचं वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवावं लागतं. ते काम दोन मुठींच्या सुऱ्यानंच होतं, यंत्रानं नाही. पण पाठ तयार झाली की बाजूचा आणि पोटाचा फालतू माल काढायला बँडसॉसारखं सुख नाही. तासाभराचं काम पाच मिनिटांत.

आता पात्यांचं. किमान तीन दात सतत लाकडात असावेत, पण फार गर्दीही नको, भुसा अडकून पातं तापतं. फळी आडवी ठेवून समोरचा आकार कापताना जाडी पाऊण इंच, तिथे इंचाला सहा दातांचं, पाव किंवा तीन-अष्टमांश इंच रुंदीचं पातं. फळी कडेवर उभी करून जाडी उतरवताना काप दीड इंचाचा, तिथे अर्धा इंच रुंद, इंचाला तीन-चार दात. मुठीचा वळसा काढायला पाव इंची, ते साधारण पाच-अष्टमांश इंच त्रिज्येत वळतं. अर्धा इंची पात्याला अडीच इंच तरी लागतात. वळवायचा हट्ट केलात तर ते तुम्हाला वळवेल.

वेण्णाकाठ | ३ जून, सकाळी ८.००

हे छापून भिंतीवर लावतो. म्हणजे दोन पाती घेऊन सुरुवात करावी ना?

मिसूरीकर | ३ जून, सकाळी ८.२०

दोन जाती, प्रत्येकी दोन. पातं रविवारी संध्याकाळीच तुटतं.

भोकरवाडी_बुद्रुक | ३ जून, सकाळी १०.४५

एक बाळबोध शंका. ६६ इंच म्हणजे साडेपाच फूट. कापायला सुरुवात करताना साडेपाच फूट लाकूड पात्याच्या अलीकडे, संपताना साडेपाच फूट पलीकडे. म्हणजे ११ फूट नुसत्या लाकडालाच. खोली ११ फूट. उभं कुठे राहणार, शेजाऱ्याच्या हॉलमध्ये?

वेण्णाकाठ | ३ जून, सकाळी ११.००

अरे देवा.

धागेदोरे | ३ जून, सकाळी ११.०२

या प्रतिसादासाठी भोकरवाडीकरांना नारळ-शाल.

शून्य_लसावि | ३ जून, सकाळी ११.३०

तिरकं लावा! ११ आणि ९ चा कर्ण काढा. १२१ अधिक ८१, २०२, वर्गमूळ १४.२. पायथागोरसनं तुम्हाला तीन फूट दिले. मशीनला चाकं लावा, एरवी कोपऱ्यात ढकला. आणि पलीकडच्या बाजूला टेबलाच्याच उंचीचा एक स्टँड हवाच. नाहीतर शेवटी लाकूड स्वतःच्या वजनानं खाली झुकतं आणि नेमकं टोकापाशी माप बिघडतं.

विजेचा_खांब | ३ जून, दुपारी ३.००

मोटरकडे कोणी बघतच नाही. चौदा इंचीला एक एचपी, म्हणजे ७४६ वॉट, सिंगल फेज. चालू असताना पाच-सहा अँपिअर खाईल, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट झटका मारते. दिव्याच्या बोर्डवरून वायर ओढू नका. स्वतंत्र लाइन, १६ अँपिअर, अर्थिंग तपासलेलं. जुनं मशीन घेत असाल तर थ्री फेजची मोटर तर गळ्यात मारत नाहीत ना ते बघा, स्वस्तात मिळण्याचं कारण बहुधा तेच असतं.

फाइलबंद | ३ जून, संध्याकाळी ६.४०

निवृत्त झालो तरी सवय जात नाही. ओंडके घरी आणून फाडायच्या फंदात पडू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशांपासून आरागिरण्यांकडे वनखात्याचं बारीक लक्ष असतं. कापीव फळी घ्या आणि पावती जपा. बांबूचं मात्र सोपं झालंय. २०१७ च्या दुरुस्तीनं वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला.

कोकणी_मेवा | ३ जून, रात्री ९.१५

लाकूड कुठलं ते कोणी विचारलंच नाही. आमच्याकडे जुनी माणसं धामणीचं नाव घेतात. कावडीची काठी, कुऱ्हाडीचा दांडा, सगळं धामणीचं. वाकते पण मोडत नाही.

चिंगुसराव | ३ जून, रात्री ९.१८

धामण माझ्या बागेत आहे. उंदीर खाते.

कोकणी_मेवा | ३ जून, रात्री ९.२५

ती साप. ही झाड. दोघी वाकतात.

रंधा_नाना | ४ जून, सकाळी ६.१०

धामण उत्तमच, पण बाजारात फळी मिळणं कठीण आणि जंगलातली तोडायची नाही. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटला जा आणि परदेशी ॲश विचारा. पन्नास फळ्या उलटसुलट करून बघाव्या लागतील, दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. रुंद बाजूवर आणि कडेवर, दोन्हीकडे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. एकही गाठ नको. साग घेऊ नका, दरवाज्याला छान, धनुष्याला कडक आणि ठिसूळ.

मिसूरीकर | ४ जून, सकाळी ८.००

नाना +१. आणि आता एक आकडा, ज्यापायी मी चार धनुष्यं वाया घालवली. लिंबाची रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर ताठपणा एक-अष्टमांश उरतो. घनाचा हिशोब आहे. १२ मिलिमीटर जाडीचा लिंब फक्त सव्वा मिलिमीटरनं उतरला की २७-२८ टक्के ताठपणा गेला. बँडसॉचा काप सव्वा मिलिमीटर कधी भरकटला ते तुम्हाला कळतसुद्धा नाही. म्हणून जाडीत रेघेच्या बाहेर तीन मिलिमीटर सोडायचे आणि यंत्र बंद करायचं. पुढचं कानस, मग काचेच्या तुकड्यानं खरवडणं.

रंधा_नाना | ४ जून, सकाळी ८.३५

हे आधी सांगितलं असतंत तर मी भांडलोच नसतो.

गॅरेजबहाद्दर | ४ जून, सकाळी ९.१०

तीन मिलिमीटर जरा जास्तच वाटतात. यंत्र नीट लावलं असेल तर दीड पुरे. बहुतेक लोक पात्याला दोष देतात आणि गाइड (पातं जागेवर धरणारे आधार) बघत नाहीत. पातं पाठीमागे बेअरिंगला टेकायच्या आत कागदभर अंतर, दोन्ही बाजूंनाही तेवढंच. वरचा गाइड लाकडाच्या वर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर ठेवायचा, तो उंच राहिला की पातं नाचतं, शिवाय बोट जायला जागा होते. काम झालं की ताण सैल करायचा, नाहीतर चाकावरच्या रबराला खळगे पडतात.

मिसूरीकर | ४ जून, सकाळी ९.२२

तुमच्या यंत्राला दीड, नवशिक्याला तीन. चौथं धनुष्य मोडल्यावर तोही दीडवर येईल.

जखमी_वाघ | ४ जून, सकाळी ९.५०

हातमोजे घालू नका हेही लिहा कोणीतरी. दात मोजा पकडतात आणि हात आत ओढतात. बारीक भुशासाठी मास्क मात्र हवा. आणि पातं बदलताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

अनामिका_बोट | ४ जून, दुपारी २.००

आमच्या 'ह्यां'नी असाच एक छंद म्हणून लेथ आणला होता. आता त्यावर पापड वाळतात. वहिनींना विचारलंत का?

वेण्णाकाठ | ४ जून, दुपारी २.३०

विचारलं. त्या म्हणाल्या, पार्किंगमधली गाडी कुठे जाणार ते आधी ठरवा.

पल्लेदार | ५ जून, रात्री १०.००

मी मुलांना शिकवतो म्हणून लिहितो. घरचं धनुष्य स्पर्धेत आणण्याआधी प्रशिक्षकाला दाखवा. तेरा वर्षांच्या मुलीला २० ते २५ पौंडांची ओढ पुष्कळ, म्हणजे किलोत ९ ते ११. टिलर करताना, म्हणजे दोन्ही लिंब सारखे वाकवून आणताना, बॅगा मोजायचा हुकवाला काटा दोरीला लावून ओढत जा आणि ठरवलेल्या वजनापलीकडे एकदाही ओढू नका. लिंब अजून पूर्ण वाकत नसेल तर जिथे ताठ आहे तिथे घासा, जोर लावून वाकवू नका. रिकामी दोरी सोडायची तर कधीच नाही. बाण नसला की सगळी ताकद धनुष्यातच परत जाते.

आणि जून महिना आहे. आत्ता आणलेली फळी लगेच कापू नका. पावसाळी हवेत लाकूड पाणी पितं, तसं ओलसर धनुष्य वाकल्यावर वाकलेलंच राहतं. आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की ती तयार.

वेण्णाकाठ | ५ जून, रात्री १०.४०

सर्वांचे आभार. दिवाळीच्या सुमारास कळवतो.

चिंगुसराव | ५ जून, रात्री १०.४२

कुठल्या दिवाळीच्या?

वेण्णाकाठ | २६ ऑक्टोबर, रात्री ८.१५

याच दिवाळीच्या. वृत्तांत.

यंत्र जुनं घेतलं, चौदा इंची, बिडाचं, एका फर्निचरवाल्यानं दुकान आवरताना विकलं. बघायला गेलो तेव्हा खांबमहाराजांचं आठवलं. मोटर थ्री फेजचीच निघाली! घासाघीस करून किंमत पाडली आणि सिंगल फेजची एक एचपी मोटर वेगळी बसवली. चाकांची रबरं गेली होती, ती नवीन. पाती साताऱ्यात या लांबीची मिळाली नाहीत, पुण्यात गुंडाळीतून लांबी मोजून जोडून आणली. खोलीत यंत्र तिरकं बसलंय, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस 'हे वाकडं का ठेवलंय' विचारतो आणि मी पायथागोरस सांगतो.

फळी ॲशची. नानांनी सांगितल्याप्रमाणे दुकानदाराला वैतागवलं. चार महिने माळ्यावर ठेवली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मावत नव्हती म्हणून बाथरूमच्या काट्यावर मी फळी हातात घेऊन उभा राहायचो आणि माझं वजन वजा करायचो. फळीचं नीटसं कळलं नाही, माझं तीन किलो वाढलेलं कळलं. शेवटी हुकाच्या काट्याला टांगली, मग आकडा स्थिर झालेला दिसला.

पहिल्या कापात माज केला. रेघेला चिकटून कापलं, दीड मिलिमीटर सोडून. खालच्या लिंबात मुठीपासून वीतभर अंतरावर काप आत शिरला. लेकीचं धनुष्य व्हायचं ते भाच्याचं झालं, तेरा पौंडांचं. भाचा सहा वर्षांचा आहे, खूश आहे. दुसऱ्याला तीन मिलिमीटर सोडले. कापायला वीस मिनिटं लागली, पुढे कानस आणि काच अकरा संध्याकाळ. दोरी २६ इंचांपर्यंत ओढल्यावर बावीस पौंड. जवसाचं तेल दिलंय. लेक रोज शंभर बाण मारते, अजून उललेलं नाही. प्रशिक्षकांनी बघून मान डोलावली, बोलले काही नाहीत.

रंधा_नाना | २७ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

अकरा संध्याकाळ म्हणजे घाईच केलीत. फोटो टाका. पाठीचा, जवळून.

सातपुड्याचा | २७ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

दादा, मस्त. आता पुढचं बांबूचं करा. मी एक फोडलेला, सावलीत वाळवलेला तुकडा पाठवतो. मशीनला लावायचा नाही या अटीवर.

वेण्णाकाठ | २७ ऑक्टोबर, सकाळी ९.४५

कबूल! पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

नवा_गडी | २ नोव्हेंबर, रात्री ११.५०

छान धागा. पूर्ण वाचला नाही. पण माझ्याकडे चेनसॉ आहे, त्यानं धनुष्य होईल का?

जखमी_वाघ | २ नोव्हेंबर, रात्री ११.५२

माझ्या डॉक्टरांचा नंबर व्यनि करू का?